थाई लखॉन मालिका समजून कशा पाहाव्यात

थाई दूरचित्रवाणीवरील मालिकेला त्या भाषेत ‘लखॉन’ म्हणतात. रोमन लिपीच्या वाटेने आलेले तिचे ‘लाकोर्न’ हे रूपही बरेच आढळते. पहिल्यांदा लखॉन पाहणाऱ्याला तिच्यात थोबाडीत मारणाऱ्या बायका, किंचाळणारी खलनायिका, सतत गुरगुरणारा श्रीमंत नायक आणि दाराआडून ऐकणाऱ्या मोलकरणी एवढेच दिसते, आणि दोन भागांनंतर तो मालिका बंद करतो. खुद्द थायलंडमध्येही अशा मालिकांना ‘नाम नाव’, म्हणजे साचून कुजलेले पाणी, असे म्हणून नावे ठेवतात, आणि नावे ठेवणारी माणसेही शेवटचा भाग चुकवत नाहीत. माझे सांगणे असे की, लखॉनचा खरा अर्थ कथानकातल्या घडामोडींत नसतो. कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो आणि कोण कोणाचे कसले देणे लागतो, या दोन गोष्टींत तो असतो, आणि त्या कानांनी टिपाव्या लागतात. उपशीर्षकांत त्या बहुतेक वेळा हरवतात.

मराठी माणसाला इथे मोठी सोय आहे. थाई भाषेने संस्कृत आणि पाली शब्दांचा भरपूर साठा घेतला आहे, आणि लखॉनमधले भावनेने भरलेले शब्द नेमके त्याच साठ्यातले आहेत. नायकाला ‘फ्रा एक’ आणि नायिकेला ‘नांग एक’ म्हणतात. त्यातला ‘एक’ म्हणजे आपलाच एक, पहिला. नवरा ‘सामी’ म्हणजे स्वामी, औपचारिक भाषेतली पत्नी ‘फनरया’ म्हणजे भार्या, नातलग ‘यात’ म्हणजे ज्ञाती, कृतज्ञ तो ‘कतन्यू’, आणि ज्यावरून अर्धी कुटुंबे फुटतात तो वारसा ‘मॉरदोक’, म्हणजे मृतक, मेलेल्याने मागे ठेवलेले. उच्चार बदललेले असतात, विशेषतः शब्दाच्या शेवटी, कारण थाई भाषेत शेवटचा ‘स’ ‘त’सारखा ऐकू येतो आणि अनेक शेवटची अक्षरे गिळली जातात. पंधरा-वीस शब्द ओळखीचे झाले की, उपशीर्षके वाचता वाचता कान आपोआप मूळ शब्द पकडू लागतात. म्हणून एक छोटी वही जवळ ठेवावी आणि ऐकू आलेला प्रत्येक ओळखीचा शब्द तिच्यात लिहावा; मला स्वतःला या वहीचा जेवढा उपयोग झाला तेवढा दुसऱ्या कशाचाच झाला नाही.

पहिली मालिका कोणती घ्यावी

सूडकथा म्हणून गाजलेली जुनी मालिका पहिल्या खेपेला घेऊ नये. थायलंडमध्ये ‘तोप चूप’ नावाचा एक प्रकारच आहे. शब्दशः थोबाडीत आणि चुंबन. नायक सुडापोटी नायिकेचा छळ करतो, ती त्याला मारते, तो तिला जवळ ओढतो, आणि या ओढाताणीतून प्रेम जुळते असे दाखवले जाते. ‘चमलेय रक’ (२००८) या मालिकेत भावाच्या मृत्यूचा सूड घेण्यासाठी नायक एका तरुणीला पळवून नेतो आणि ती भलतीच तरुणी निघते. अशा कथांत जबरदस्तीला प्रेमाचा मुलामा दिलेला असतो. मला ते पटत नाही, आणि नायकाने नायिकेवर केलेल्या अत्याचाराला रोमँटिक ठरवण्याविरुद्ध खुद्द थायलंडमध्येही प्रेक्षकांनी स्पष्ट आवाज उठवला आहे. या प्रकाराचा इतिहास समजून घ्यायचा असेल तेव्हा त्या मालिका जरूर पाहाव्यात, पण सुरुवात तिथून करू नये.

प्रेमकथा हवी असेल, तर ‘बुप्फेसन्निवात’ घ्यावी. हे नाव मूळ पालीतले आहे आणि त्याचा अर्थ पूर्वजन्मी एकत्र राहिल्यामुळे जुळलेला योग, म्हणजे पूर्वीचा सन्निवास. आजच्या काळातली पुरातत्त्वाची अभ्यासक असलेली एक तरुणी अपघातात मरते आणि सतराव्या शतकातल्या अयुथ्यामध्ये, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, राजा नारायच्या काळात, एका दुष्ट समजल्या जाणाऱ्या सरदारकन्येच्या देहात जागी होते. चॅनल ३ वर २०१८ मध्ये, २१ फेब्रुवारीपासून ११ एप्रिलपर्यंत, बुधवारी आणि गुरुवारी मिळून तिचे १५ भाग दाखवले गेले, आणि त्या काळात अयुथ्यातल्या वात छायवत्थनाराम या मंदिराच्या अवशेषांपाशी जुन्या पद्धतीचे थाई पोशाख घालून येणाऱ्यांची रीघ लागली. नवख्याला ती सोपी जाते, कारण नायिकाही त्या जगात नवखीच असते. तिला जे समजत नाही ते दुसरे कोणीतरी तिला समजावते आणि ते आपल्यालाही कळते.

घराघरातली धुसफूस पाहायची असेल, तर ‘क्रोंग कम’ (२०१९) पाहावी. नावाचा अर्थ कर्माचा पिंजरा. आणि निव्वळ सूड हवा असेल, तर ‘रॅंग ङाव’ (२०१२). या दोन्हींबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

वर्ष, वेळ आणि नावे

थाई वाहिन्या संध्याकाळच्या बातम्यांनंतर, रात्री आठच्या पुढे, मुख्य मालिका दाखवतात. एक मालिका सोमवार-मंगळवारी, दुसरी बुधवार-गुरुवारी, तिसरी आठवड्याच्या शेवटी अशी वाटणी असते. वर्षानुवर्षे चालणारी मालिका हा तिथला प्रकार नव्हे. गोष्ट साधारण दोन-तीन महिन्यांत संपते, मात्र एकेक भाग दीड-दोन तासांचा असू शकतो. वाहिन्या आपल्या अधिकृत यूट्यूब पानांवर एकाच भागाचे अनेक तुकडे करून टाकतात, म्हणून तुकड्यांचा क्रम नीट तपासावा. ‘तॉन थी’ म्हणजे भाग क्रमांक आणि ‘तॉन चोप’ म्हणजे शेवटचा भाग, एवढे ओळखता आले तरी काम भागते.

वर्ष पाहताना गफलत होते. थाई मजकुरात बुद्धाब्द छापलेला असतो आणि तो इसवी सनापेक्षा ५४३ने पुढे असतो. २५६१ दिसले तर ते २०१८ समजावे. हे महत्त्वाचे आहे, कारण एकाच कादंबरीवर पुन्हा पुन्हा मालिका काढण्याची तिथे जुनी चाल आहे. दुसऱ्या महायुद्धातला जपानी अधिकारी कोबोरी आणि थाई तरुणी अंग्सुमालिन यांची ‘खू कम’ ही कथा अनेकदा पडद्यावर आली. २०१३ मध्ये तर तिच्यावर एक मालिका आणि एक चित्रपट असे दोन्ही निघाले. ‘मिया लुआंग’ही २००९ मध्ये आणि परत २०१७ मध्ये आली. नुसते नाव शोधून पाहायला बसलात तर भलतीच आवृत्ती समोर येईल, म्हणून नावासोबत वर्ष आणि मुख्य कलाकाराचे नाव शोधावे. रोमन लिपीतले स्पेलिंग प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. जमल्यास थाई लिपीतले नाव कुठून तरी नकलून शोधचौकटीत टाकावे.

कलाकारांची नावे शोधताना आडनावाच्या मागे लागू नये. थायलंडमध्ये आडनावे १९१३च्या कायद्याने आली आणि आजही माणसे एकमेकांना पहिल्या नावाने किंवा टोपणनावानेच ओळखतात. ‘बुप्फेसन्निवात’ची नायिका राणी कॅम्पेन सर्वांसाठी बेला आहे आणि नायक थनवत पोप आहे. पडद्यावरची आवडती जोडी असेल तर तिला ‘खू चिन’ म्हणतात. त्यातला ‘चिन’ इंग्रजीतल्या ‘इमॅजिन’चे शेपूट आहे, म्हणजे प्रेक्षकांनी मनोमन जुळवलेली जोडी.

एखाद्या प्रसंगात सिगारेट, दारूचा पेला किंवा डोक्याला लावलेले पिस्तूल धूसर दिसले, तर तो चित्रफितीतला दोष नसतो. दूरचित्रवाणीवर ते तसेच झाकतात. कोपऱ्यातल्या ‘१३’ आणि ‘१८’ या खुणा वयोगटाची सूचना देणाऱ्या असतात आणि सुडाच्या मालिकांत त्या गांभीर्याने घ्याव्यात.

हाक ऐकावी

थाई भाषेत ‘मी’ आणि ‘तू’ यांसाठी अनेक शब्द आहेत आणि बोलणारा माणूस नात्याप्रमाणे, वयाप्रमाणे, रागाप्रमाणे ते बदलतो. उपशीर्षकांत सगळ्यांचे एकच ‘यू’ होते. तू, तुम्ही आणि आपण यांतले अंतर जाणणाऱ्या मराठी माणसाला यातली गंमत लगेच कळेल, फक्त पायऱ्या अधिक आहेत.

नमुन्यादाखल एक प्रसंग घेऊ, जो थोड्याफार फरकाने कितीतरी मालिकांत असतो. कंपनीच्या मालकाची पत्नी, नवऱ्याचे जिच्याशी संबंध आहेत त्या तरुणीला भेटायला येते. सुरुवातीला ती तिला ‘खुन’ म्हणते, म्हणजे सभ्य, थंड ‘आपण’. तरुणी हात जोडून ‘वाय’, म्हणजे थाई नमस्कार, करते आणि स्वतःला ‘नू’ म्हणवते. ‘नू’ म्हणजे खरे तर उंदीर, पण थोरांसमोर लहान मुली आणि तरुणी स्वतःसाठी हा लाडिक शब्द वापरतात. पत्नी वाय स्वीकारत नाही, हात खालीच ठेवते. दोन वाक्यांनंतर ‘खुन’चे ‘थो’ होते, मग ‘कॅ’, आणि आवाज चढला की ‘मुंग’. ‘मुंग’ आला म्हणजे हात उठणार, हे पाहणाऱ्याला आधीच कळते. तरुणी तोवर ‘नू’च म्हणत असते. ज्या क्षणी ती ‘नू’ सोडून ‘छन’ म्हणते, म्हणजे साधे, बरोबरीचे ‘मी’, त्या क्षणी ती घाबरणे थांबवते. उपशीर्षकांत तिथे काहीच बदललेले नसते. म्हणून असा प्रसंग आला की एकदा वाचून पाहावा आणि मग उपशीर्षके झाकून पुन्हा ऐकावा.

प्रेमातही हेच चालते. नायिका नायकाला भाग दहापर्यंत ‘खुन’ म्हणत असते आणि एके दिवशी ‘फी’, म्हणजे दादा किंवा थोरला, म्हणते. प्रियकराला आणि नवऱ्याला ‘फी’ म्हणण्याची तिथे रीत आहे. तो शब्द म्हणजेच होकार असतो. ‘बुप्फेसन्निवात’मधल्या जुन्या काळच्या ‘ऑ-चाव’ या संबोधनाने तर २०१८ मध्ये सगळ्या देशाला वेड लावले होते आणि माणसे रोजच्या बोलण्यात ते वापरू लागली होती.

घराचा आराखडा काढावा

पहिल्या दोन भागांत कागदावर वंशावळ काढावी, आणि प्रत्येक नावापुढे तो माणूस घरात कुठे राहतो तेही लिहावे. मुख्य वाड्यात, मागच्या छोट्या घरात, की नोकरांच्या खोल्यांत, यावरून त्याचा मान कळतो. ‘मिया लुआंग’ ही मानाची पहिली बायको आणि ‘मिया नॉय’ ही धाकटी, बहुधा घराबाहेर ठेवलेली. कायद्याने थायलंडमध्ये १९३५ पासून एकपत्नीत्व आहे, पण पूर्वीच्या बहुपत्नीत्वाची भाषा लोकांच्या तोंडी राहिली आणि मालिकांनी ती जिवंत ठेवली. तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम १५२३नुसार पत्नी दुसऱ्या स्त्रीकडून नुकसानभरपाई मागू शकते, त्यामुळे एखाद्या मालिकेत लग्नाचे नोंदणीपत्र टेबलावर आपटले जाते तेव्हा तो नुसता अभिनयाचा आवेश नसतो. त्या कागदात खरेच बळ असते.

चिनी वंशाच्या थाई घरांची रीत थोडी निराळी आहे. तिथे थोरला भाऊ ‘हिया’, थोरली बहीण ‘चे’, थोरली वहिनी ‘सॉ’, वडील ‘तिया’, आजी ‘अमा’, आणि सगळ्यांच्या कमाईची एकत्र पुंजी ती ‘कोंगसी’. ‘लुएत खोन खोन चांग’ (२०१८, १८ भाग, वन३१ वाहिनी) या मालिकेचे नावच सांगते की रक्त दाट आणि माणसे विरळ. हॉटेलांचा व्यवसाय असलेल्या या कुटुंबाचे आडनाव चिर-अनन, म्हणजे चिर-अनंत, आणि आजोबा गेल्यावर हे चिर-अनंत कुटुंब काही दिवसांत फुटते, कारण मृत्युपत्रात मुलांना व्यवसायाचे भाग मिळतात आणि राबणाऱ्या मुलीला ते मिळत नाहीत. मग थोरल्या मुलाचा, प्रसर्तचा, खून होतो. ही मालिका वंशावळीशिवाय पाहूच नये. नातवंडांचीच संख्या इतकी आहे की तिसऱ्या भागात गोंधळ ठरलेला.

‘क्रोंग कम’मध्ये हे सगळे एका आईभोवती फिरते. नखॉन सवन प्रांतातल्या छुम सॅंग या गावच्या बाजारपेठेत योय नावाची कर्ती बाई चार मुलगे घेऊन संसार चालवते. काळ १९६०च्या दशकाच्या अखेरीचा. जवळच ताखली इथे अमेरिकी हवाई दलाचा तळ आणि त्याच्या आसऱ्याने वाढलेली रात्रीची वस्ती. थोरला मुलगा तिथल्या रेणू नावाच्या वेश्येला बायको म्हणून घरी आणतो. योयची भूमिका माय चरूनपुरा हिने आणि रेणूची बेलाने केली आहे, आणि दोघींपैकी एकीची बाजू घेऊन पाहायला बसलो तर मालिका आपल्याला सतत चुकीचे ठरवते. सासू वाईट का वागते याचे कारण दर वेळी थोडे मागे, तिच्या आधीच्या निर्णयात सापडते. म्हणूनच नाव पिंजरा आहे.

सुडाचा हिशेब

सुडाला थाईत ‘कॅ खॅन’ म्हणतात, पण मालिकेला गती देणारा शब्द ‘वेन कम’ हा आहे: वैर आणि कर्म. हा शब्द माणसे उसासा टाकताना उच्चारतात, शिवीसारखा फेकतात, आजारी माणसाच्या उशाशी पुटपुटतात. त्याच्या समोर उभा असतो ‘बुन खुन’, म्हणजे पुण्य आणि गुण. ज्याने वाढवले, शिकवले, वाचवले त्याचे ऋण. चांगल्या सूडकथेत नायक किंवा नायिका या दोन देण्यांमध्ये अडकलेली असते: ज्या घरावर सूड उगवायचा, त्याच घरातल्या कोणाचे तरी ‘बुन खुन’ तिच्यावर असते. म्हणून सूडकथा पाहताना वंशावळीच्या कागदावर दोन रंगांच्या रेघा ओढाव्यात, एक वैराची आणि एक ऋणाची. ज्या पात्रापाशी दोन्ही रंग एकत्र येतात, तेच पात्र पुढे कथेला वळण देणार, हा माझा अनुभव क्वचितच चुकला आहे.

‘रॅंग ङाव’मध्ये मुत्ता नावाची भोळी तरुणी सरकारी कार्यालयात नोकरीला लागते, विवाहित वरिष्ठाच्या जाळ्यात सापडते, त्याच्या पत्नीकडून अपमानित होते आणि जीव देते. तिची जुळी बहीण मुनिन मुत्ताच्या नावाने त्याच कार्यालयात परत जाते. दोन्ही भूमिका जेनी थिअनफोसुवन हिने केल्या आहेत, आणि पाहण्यासारखी गोष्ट अशी की ती दोन बहिणी कपड्यांपेक्षा मानेच्या ताठपणातून वेगळ्या करते. कार्यालयातली माणसे तिला मुत्ता समजतात, पण तिने खाली न घातलेली नजर पाहून प्रत्येक जण अडखळतो. इथे प्रेक्षकाने एक प्रश्न मनात ठेवून पाहावे: मुनिन कोणाचा सूड घेत आहे, मुत्ताचा की स्वतःचा? जो अपराध मुत्ताच्या हातून झाला होता त्याचाच साज मुनिन चढवते, आणि एका घराला उद्ध्वस्त करता करता त्या घरातल्या मुलांचेही वैर पत्करते.

खलनायिका म्हणजे ‘नांग राय’ हिच्याकडेही लक्ष द्यावे. तिच्या किंचाळण्याने कंटाळा येतो हे खरे, पण लेखकाने तिला एकटीला आरशासमोर किंवा आईसमोर बसवलेला प्रसंग प्रत्येक चांगल्या लखॉनमध्ये असतो आणि तो पुढे ढकलून पाहू नये. अलीकडच्या मालिका तर खलत्व एका माणसात न ठेवता घरातच शोधतात. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेल्या ‘सूप सन्दान’मध्ये हिऱ्यांचा व्यापारी मोलकरणीशी लग्न करतो आणि लगोलग मरतो. ‘सन्दान’ हा शब्द आपल्या ‘संतान’चा भाऊ आहे, पण थाईत त्याचा अर्थ झाला आहे रक्तातून उतरलेला स्वभाव. मालिका भागांनी छोटी आहे, त्यामुळे वेळ कमी असणाऱ्याने लांब लखॉनऐवजी तिच्यापासून सुरुवात केली तरी चालेल.

शेवटचा भाग

शेवटच्या भागात सगळे फार भराभर उरकले जाते अशी तक्रार बरेच जण करतात आणि ती पुष्कळदा रास्त असते. तरीही तो भाग अर्ध्या लक्षाने पाहू नये, कारण सुडाचा हिशेब तिथे ठरावीक शब्दांनी मिटतो. साधी माफी ‘खो थोत’, म्हणजे दोष मागून घेणे. थोरांकडे मागायची माफी ‘खो खमा’, क्षमा मागणे. त्यासाठी धाकट्याने फुलांचा हार किंवा फुले, उदबत्ती आणि मेणबत्ती तबकात घेऊन जमिनीवर बसावे, डोके टेकवावे, आणि थोराने हात त्याच्या डोक्यावर ठेवावा. पूर्वी वाय नाकारणारा हात आता पुढे येतो की नाही, हे पाहावे. क्षमा करणे म्हणजे ‘हाय अफय’, अभय देणे.

या सर्वांच्या पलीकडचा शब्द ‘अहोसि’. तो पालीतला आहे आणि त्याचा अर्थ इतकाच की ‘होते’, होऊन गेले. मरणाऱ्याच्या उशाशी, इस्पितळात, तुरुंगाच्या जाळीपाशी किंवा चितेसमोर एक पात्र दुसऱ्याकडे ‘अहोसि’ मागते, म्हणजे आपल्यातले कर्म इथेच संपले असे म्हणण्याची विनंती करते, नाहीतर पुढच्या जन्मी हेच वैर दोघांना पुन्हा एकत्र आणील. कधी समोरचा लगेच ‘अहोसि’ म्हणतो, कधी फार उशिरा, आणि कधी म्हणतच नाही. उपशीर्षकात तिथे बहुधा ‘मी तुला माफ केले’ असे काहीतरी येते. तेव्हा आवाज वाढवावा, आणि तो शब्द खरोखर उच्चारला गेला का, हे आपल्या कानांनी ऐकावे.